फुलावर आलेली भेसळ

माय,

यंदा मी गावी होते त्या आठवड्यात तू शेडनेटमध्ये आली नाहीस, असं वहिनी म्हणते. त्याआधी येत होतीस म्हणे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या धाकट्याच्या कानावरचे केस पांढरे झालेत, आणि त्याची ही बायको, जिने तुला भिंतीवरच्या फोटोत सोडून कधी पाहिलेलं नाही, माझ्यापुढे चहा ठेवते आणि एसटीची वेळ सांगावी तशा आवाजात सांगते, तुम्ही आलात आणि सासूबाईंनी काम सोडलं. मी हसले. ती हसली नाही. चहात साखर फार होती, तिच्या चहात ती नेहमीच फार असते, आणि तो गोडमिट्ट चहा पीत मी बसले होते तेव्हा मांडीवरच्या पर्समध्ये प्लॅस्टिकची एक रिकामी नळी होती. तिच्यात थुंकायचं की नाही हे ठरवायला मी गावी आले होते. हे वाक्य तुला चमत्कारिक वाटेल. नीट सांगते, पहिल्यापासून सांगते. या विषयावर तुझ्याशी मी जन्मात एक अक्षर बोललेले नाही, आता बोलायचं तर तुटक बोलून भागणार नाही.

तुला तुझंच काम काय सांगायचं, पण मला ते डोळ्यांसमोर आणायचं आहे. देऊळगाव राजाकडची आपली ती चिंचोळी जमीन, तिच्यावर बांबू रोवून ताणलेली शेडनेटची पांढरी जाळी आणि आत टमाट्याच्या ओळी. खायचा टमाटा नव्हे, बियाण्याचा. कंपनी दोन जातींची रोपं द्यायची, एक नर म्हणून, एक मादी म्हणून. संध्याकाळी बायका मादीच्या ओळीत बसून दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्या चिमट्याने उघडायच्या, आतले पिवळे केसर काढून टाकायच्या, आणि सकाळी त्याच फुलांना नराची पावडर, म्हणजे पराग, बोटाने लावायच्या. याला क्रॉसिंग म्हणायचं. माशीने मध्ये लुडबुड करू नये म्हणून जाळी. त्यामुळे इतकी फुलं असूनही तिथे गुणगुण कसली ती नव्हती. उजेडसुद्धा जाळीतून गाळून यायचा, सगळीकडे सारखा, आणि माणसाची सावली जमिनीवर धड पडायची नाही. दहा-पंधरा बायका आत असल्या तरी बोलणं आपोआप खालच्या आवाजात व्हायचं. मला लहानपणी ती शांतता आवडायची नाही. फुलं ऐकत असतात असं वाटायचं.

आणि भेसळ. कंपनीच्या रोपांत काही रोपं भलत्याच जातीची निघायची. दिसायला शेजारणीसारखीच, पण आतून वेगळी. ती ओळखून मुळासकट उपटायची, नाहीतर त्यांचं बी चांगल्या बियांत मिसळतं आणि सगळा माल नापास होतो. हे काम तुझं होतं. बाबा पाणी आणि फवारणी पाहायचे, बायका क्रॉसिंग करायच्या, पण भेसळ काढायला तुझ्याशिवाय कुणी ओळीत उतरायचं नाही. तू कशी ओळखायचीस हे तुलाही सांगता यायचं नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून तू चालायचीस आणि मध्येच थांबायचीस. झाडाच्या समोर नव्हे, झाडाच्या जरा अलीकडे, मान न वळवता. क्षणभर तशीच उभी राहायचीस. मग वाकायचीस आणि एका ओढीत झाड तुझ्या हातात. ते बांधावर मुळं आभाळाकडे करून ठेवायचं, हा तुझा नियम. टमाट्याचं खोड मातीला टेकलं तर ते परत जीव धरतं, म्हणून. दुपारपर्यंत ती झाडं तिथे उलटी पडलेली असायची, हिरवीगार, टवटवीत. आपल्याला काय झालंय हे त्यांना अजून कळलेलं नसायचं.

कामावरच्या बायका कौतुकाने म्हणायच्या की ही बाई झाडाच्या पोटातलं पाहते. त्या कौतुकाने म्हणायच्या आणि मी जाळीबाहेर निघून जायचे. कारण माझ्या पोटात काहीतरी आहे हे मला फार लवकर कळलं होतं. शाळेत मुली सायकलवरून जाणाऱ्या एखाद्या मुलाबद्दल भरभरून बोलायच्या आणि मी त्या मुलाकडे न पाहता बोलणाऱ्या मुलीकडे पाहत राहायचे. त्याला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. शब्दच नव्हता, त्यामुळे लपवणं सोपं होतं. पण तुझ्या डोळ्यांपासून काय लपवणार? म्हणून मी ओळीतून तुझ्यापुढे कधी चालले नाही. तू म्हणायचीस, चल ना पुढं, काऊन मांगं मांगं करतं. मी चिमटा सापडत नाही, चपलेत खडा गेलाय, असं काहीबाही सांगून मागेच राहायचे.

मग कॉलेजच्या सुट्टीत क्रॉसिंगला ती यायला लागली. तिचा आता संसार आहे, तिचं नाव कागदावर नको. आम्ही एकाच ओळीच्या दोन बाजूंना समोरासमोर बसायचो, मध्ये झाडं. ती गाणं गुणगुणायची आणि कुणी आलं की थांबायची. एकदा सकाळचं काम उरकल्यावर बाकीच्या बायका पाणी प्यायला बाहेर गेल्या होत्या. तिच्या बोटाला पावडर शिल्लक होती. तिने हसत पाल्यातून हात घातला आणि ते बोट माझ्या ओठाखाली टेकवलं. चेष्टाच होती. पण तिने बोट काढून घेतलं नाही आणि मीही मागे सरले नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी डोळे उघडले तेव्हा तू जाळीच्या दाराशी होतीस. आमच्यासमोर नाही, जरा अलीकडे. मान न वळवता.

तू रागावली असतीस तर मी निस्तरलं असतं. थोबाडीत मारली असतीस तर रडून मोकळी झाले असते. तू एवढंच म्हणालीस, "तोंड धू. पावडर सांडून राह्यली." आणि तिला दुसऱ्या टोकाच्या ओळीत बसायला सांगितलंस. संध्याकाळी रोजच्यासारख्या भाकरी थापल्यास, माझ्या ताटात रोजच्यासारखं वरून तेल-तिखट घातलंस. पण त्या दिवसापासून तू घरात थांबायला लागलीस. मी आरशापुढे वेणी घालतेय आणि दाराशी तू, हात पाठीमागे. मी न्हाणीतून येतेय आणि बोळात तू, माझ्या दोन पावलं अलीकडे. क्षणभर उभी राहायचीस आणि निघून जायचीस. आज लिहिताना लाज वाटते, पण मला खरंच वाटायचं की आता ही वाकणार.

त्याच हंगामात आपला माल नापास झाला. कंपनी बियाण्याचा नमुना नेऊन दुसरीकडे पेरून पाहते, त्यामुळे निकाल काही महिन्यांनी आला, पण आला तो असा की भेसळ इतकी, जणू कुणी काढलीच नव्हती. तुझ्या हातून इतक्या वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं. बाबा तुला बायकांसमोर म्हणाले, डोये फुटले होते का तुझे? तू पदराने कपाळ पुसलंस आणि उठून गेलीस. पुढच्या हंगामापासून तू भेसळ काढायला उतरलीच नाहीस, नजर गेली म्हणालीस. सुईत दोरा मात्र पहिल्या झटक्यात ओवायचीस. त्यानंतर दोन-तीन वर्षांत कावीळ झाली आणि तू गेलीस. मी मनाशी धरून बसले की माझ्यामुळे तुझी नजर बिघडली. आधी मला पाहिलंस आणि मग तुला बाकी काही नीट दिसेनासं झालं. अशी एक समजूत घेऊन मी पुण्याला आले आणि तिच्याबरोबरच राहत गेले.

मी काय काम करते ते तुला पाहायला मिळालं नाही. मी भेसळच काढते, माय. बियाण्यांच्या एका लॅबमध्ये. आता ओळीतून चालावं लागत नाही. रोप बोटभर असतानाच त्याच्या पानाचा टिकलीएवढा तुकडा कापून मशीनमध्ये घालायचा, मशीन सांगतं कोण कुठल्या जातीचं. वेगळं निघालं की ते ट्रेमधून चिमट्याने उचलायचं. फूल यायची वाट पाहायची गरज नाही, मुळं वर करायची गरज नाही, मुळं असतात केवढीशी तेव्हा! माझ्या हाताखालच्या मुली म्हणतात की मॅडम कधीकधी निकाल यायच्या आधीच एखाद्या ट्रेपाशी थांबतात. थांबते खरी. आणि निकाल तसाच येतो. हे मी कुणाला शिकवू शकत नाही आणि कुणी मला शिकवलेलं नाही. तुझ्याकडून आलं, दुसरीकडून कुठून येणार. मग कधीतरी हात धुताना मनात येतं, हे तुझ्याकडून आलं तर ते दुसरं कुणाकडून आलं?

नेमकं हेच विचारत एक बाई आमच्याकडे आली. संशोधन करणारी, तरुण, बोलायला अतिशय चांगली. पुण्यात आम्ही एक गट आहोत, पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका, महिन्यातून एकदा एकाच्या गच्चीवर भेटतो, पोहे खातो आणि भांडतो. तिने सांगितलं की माणूस असा का घडतो याचा काही भाग रक्तातून येतो का, हे तिच्या लोकांना शोधायचं आहे. आमची थुंकी हवी होती. पूर्वी कुणाला वाटलं होतं की एकच खूण सापडेल, तसं नाही, अनेक बारीकसारीक गोष्टी आहेत आणि त्यांच्यावरून एका माणसाबद्दल काहीच सांगता येत नाही, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं. तिने प्रत्येकाला एकेक नळी दिली आणि आठवडाभर विचार करा म्हणाली. ती जिना उतरते न उतरते तोच गच्चीवर रणधुमाळी सुरू झाली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, हा पुरावा माझ्या तरुणपणी असता तर मी एका बिचाऱ्या बाईशी लग्न करून तिचं वाटोळं केलं नसतं. एक पोरगी म्हणाली, इतरांना कुणी कारण विचारतं का, मग आपण थुंकून कारण का दाखवायचं? दोघांचंही मला पटलं, हीच तर पंचाईत.

मी जिच्याबरोबर राहते तिने तिथल्या तिथे नळी भरून दिली. तिच्याबद्दल तुला सांगायला हवं. बँकेत आहे, तुझ्यासारखीच टापटिपीची, भांडी घासल्यावर ओटा तीनदा पुसते. तिच्या वडिलांनी तिला कोवळ्या वयात एका डॉक्टरकडे नेलं होतं. ही सवय आहे आणि सवय मोडता येते, असं म्हणणारा डॉक्टर. त्याने दिलेल्या गोळ्यांनी ती दिवसच्या दिवस भिंतीकडे पाहत बसायची. तिला फक्त एवढंच हवंय की एकदा कुणीतरी मशीन लावून सांगावं, ही सवय नव्हती. तिच्या वडिलांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावं. मी नळी न भरता पर्समध्ये टाकली तेव्हा तिला लागलं. घरी आल्यावर मी म्हणाले, एकदा रोपात खूण सापडली की पुढे काय होतं ते मी रोज करते. मशीन आज सांगत नसेल, आमचंही सुरुवातीला सांगत नव्हतं. आणि आमच्या तालुक्यात सोनोग्राफीच्या दाराबाहेर पाटी असते, इथे मुलगा की मुलगी सांगितलं जात नाही. ती का लावावी लागली हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. ती म्हणाली, "आपण टमाटे नाही आहोत." मी म्हणाले, टमाट्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. त्या रात्री आम्ही पाठीला पाठ लावून झोपलो आणि दुसऱ्या दिवशी मी गाडी पकडली.

खरं कारण ती बाई नव्हती आणि पाटीही नव्हती, माय. खरं कारण तू. त्या नळीवर हात ठेवला की एकच प्रश्न वर यायचा आणि तो विचारायला जगात दुसरं कुणी नव्हतं. मी तुझ्या पोटात बोटभर असताना कुणी तुला येऊन सांगितलं असतं की ही वेगळी निघाली आहे, तर तू काय केलं असतंस?

गावी गेले तर वहिनीने ते, तुझ्या येण्याचं, सांगितलं. आता बांबू गेले, लोखंडी पाइप आले, पण जाळी त्याच जागी आहे आणि पीक तेच. दर हंगामात भेसळ दिसायला लागण्याच्या दिवसांत सकाळी बांधावर एखाद-दुसरं झाड पडलेलं असतं, मुळं वर. आधी तिला वाटलं तुझ्या मुलाने काढलं, त्याला वाटलं हिने. एकदा दोघांनी एकमेकांना विचारलं आणि मग तो विषयच बंद केला. त्याला तुझा तो नियम आठवत होता, तिला कुणी सांगितलाच नव्हता. माल दरवर्षी पास होतो, मग खोदून कशाला काढायचं? यंदाही पहिले काही दिवस झाडं पडली. मी घरात पाऊल ठेवलं आणि थांबलं. मी त्या आठवड्यात रोज जाळीच्या दारापर्यंत जायचे. ओळीत भेसळ उभी होती. पहिल्याच ओळीत मला दिसली, मान न वळवता. रोज थोडी उंच होत होती.

तुझ्या शेजारच्या ओळीत बसायची ती मावशी अजून आहे. वाकली आहे, एका डोळ्याने दिसत नाही, पण दुपारी काठी टेकत येते आणि आपल्या ओट्यावर शेंगा फोडत बसते. मी तिला तुझ्या त्या नापास हंगामाबद्दल विचारलं. मनात धरलेलं तिच्याकडून एकदा ऐकावं म्हणून विचारलं, की हो बाई, नजर गेली होती तिची. मावशीने शेंगा फोडायचं थांबवलं. म्हणाली, नजरीले काय धाड भरली होती तुह्या मायच्या! ती रोज ओळीत उतरत होती. परत्येक भेसळीपाशी थांबत होती, नेहमीसारखीच. आणि तशीच पुढे जात होती. मावशीने तुला एकदा हटकलं होतं, सोडलं काऊन म्हणून. तुझं उत्तर मावशीला शब्दन् शब्द आठवत होतं, इतक्या वर्षांनी.

"बारीक असती तं काढली असती वं. फुलावर आलेली कशी उपटू?"

मावशी पुन्हा शेंगा फोडायला लागली. मी तिथेच बसून होते. मला रडू आलं आणि ते कशाचं आलं हे मला त्या वेळी उमगलं नाही. तुझी नजर गेली नव्हती. तू मला पाहिलं होतंस, लख्ख पाहिलं होतंस, आणि नवऱ्याची बोलणी खाऊन, हातातलं काम घालवून तू मला उभं ठेवलंस. आयुष्यभर मी जे मागत होते ते मला त्या ओट्यावर मिळालं. आणि त्याच वाक्यात, जरा अलीकडे, ते दुसरंही होतं. बारीक असती तर, बोटभर असती तर. मी मावशीला विचारणार होते की पुढे काही बोलली का. नाही विचारलं. तुझं वाक्य संपलेलं होतं, मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस पाहणीला यायचा होता. सकाळी वहिनीने दाराशी येऊन सांगितलं, "ताई, आता तुमीच काढा. त्या काही येत नाहीत." तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, काळजी होती, मालाची. मी चपला बांधावर काढल्या आणि आत गेले. नुकतं उजाडत होतं, जाळी आतून राखाडी दिसत होती. हात पाठीमागे बांधले. ते मी बांधले नाहीत, ते तिथे गेले. पहिल्या झाडापाशी थांबले तेव्हा पलीकडच्या ओळीतला पाला हलल्याचा आवाज आला, एकाच झाडाचा, आणि थांबला. वारा जाळीत सगळ्या झाडांना एकदम लागतो, एकट्या झाडाला लागत नाही. मी वाकले, उपटलं. पुढे चालले. पलीकडचा पाला चालला. मी थांबले की थांबायचा. मी मान वळवली नाही. तूही कधी वळवत नव्हतीस. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा तुझ्या मागे नव्हते, बरोबरीने होते, आणि भीतीने माझी मान ताठ झाली होती आणि माय, मला त्या ओळी संपू नयेत असं वाटत होतं.

शेवटच्या ओळीच्या टोकाला एक होतं, सगळ्यांत उंच, फुलावर आलेलं. त्या शांततेत ती पिवळी फुलं खाली माना घालून उभी होती. मी थांबले. पलीकडेही थांबलं. मला तुझं वाक्य आठवलं, आठवणारच. मला वाटलं आता माझा हात अडेल, मी तुझी मुलगी आहे, मीही हिला सोडीन. मग भावाची वर्षभराची मेहनत आठवली, वहिनीचा चेहरा आठवला, आणि हे सगळं आठवून होईपर्यंत झाड माझ्या हातात होतं. एका ओढीत. मुळांना लागलेली माती माझ्या पायावर पडली. हात अडला नाही. मी ते बांधावर नेलं आणि मुळं आभाळाकडे करून ठेवलं, आणि मग कान देऊन उभी राहिले. पलीकडचा पाला पुन्हा हलला नाही. तू परत गेलीस की तिथेच उभी राहून माझ्याकडे पाहत होतीस, मला कळलं नाही. बाहेर आल्यावर वहिनीने विचारलं, झालं? मी म्हणाले, झालं.

झाड म्हणजे माणूस नव्हे, एवढं मलाही कळतं. पुण्याला आल्यावर मी नळी त्या बाईला परत दिली, रिकामी. तिने कारण विचारलं नाही, उलट चहा पाजला. माझ्याबरोबर राहते तिला मी कारण सांगितलं. मला परक्यांच्या हातांची भीती नव्हती, मी माझा हात पाहून आले होते. ज्या हाताला कळतं त्या हाताला उपटायला जड जात नाही, आणि झाड जितकं लहान तितकं कमी जड. तिने ओटा आणखी एकदा पुसला. मग म्हणाली, तुझ्या आईने सोडलं होतं ना पण. मी म्हणाले, उशिरा कळलं म्हणून सोडलं. ती म्हणाली, सोडलं होतं ना पण. तिची थुंकी गेलेली आहे, तो तिचा हक्क, आणि तिच्या वडिलांच्या कानापर्यंत कधी काही पोचलंच तर मला आनंदच होईल. कदाचित तीच बरोबर असेल. आम्ही अजून यावर भांडतो, पण आता पाठ करून झोपत नाही.

मी तुझ्यापासून इतकी वर्षं लपले त्याचा मला आता पस्तावा नाही. तू मला पाहिलंस तेव्हा मी फुलावर आलेली होते. त्याआधी पाहिलं नाहीस ते बरं झालं, तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी. हे तुझ्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती, म्हणून कागदावर लिहिते आहे, आणि हा कागद पर्सच्या त्याच कप्प्यात राहील जिथे ती नळी होती.

काल वहिनीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, बांधावर आज सकाळी झाड होतं. दिवाळीला या म्हणाली. मी हो म्हटलंय. घरी जाईन, मावशीला साडी नेईन, पण जाळीच्या आत पाऊल टाकेन असं वाटत नाही. मला तुझी अजून भीती वाटते, माय. आणि तू आली नाहीस त्या आठवड्यात रोज उजाडताना मी दाराशी जात होते ती भेसळ मोजायला नाही, तुझी वाट पाहायला.